रोग्याविषयी चिठ्ठी टाकणे योग्य काय?

आमच्या मंडळीतील एका विधवा भगिनीच्या पोटात गाठ झाली. शहरातील एका इस्पितळात तपासणी होऊन ती जठराच्या कर्करोगाची ठरली. शस्त्रक्रिया अवश्य आहे असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु ती करण्याच्या दोन रीती असून त्यांपैकी अधिक हितकर कोणती हे अद्याप ठरलेले नाही, सबब त्याविषयी चाललेल्या संशोधनात तिने सामील व्हावे, आणि तिच्या वाट्यास कोणती रीत यावी हे चिठ्ठी टाकून ठरावे, अशी त्यांनी विनंती केली. ती बाई कागद घेऊन आमच्याकडे आली व म्हणाली, "पाळकसाहेब, डॉक्टरालाच ठाऊक नाही, आणि माझ्या जिवावर चिठ्ठ्या टाकायच्या! हे पाप नव्हे काय?"

प्रिय वाचकहो, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. ज्या मेंढपाळाने नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाचा शोध केला, त्याचे आम्ही अनुयायी आहोत. मग जो वैद्य पुढे येणाऱ्या शेकडो रोग्यांचा विचार करितो, तो समोर खाटेवर पडलेल्या एकाला विसरत नाही काय? मनुष्य हा साधन नव्हे. तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. ह्या आक्षेपास उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे बरे नाही.

प्रथम हे पाहू की, चिठ्ठी न टाकिता केवळ आपल्या खात्रीवर चालणारा सज्जन वैद्य कोठे जाऊ शकतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ओवेन वँगनस्टीन नावाचे थोर शस्त्रवैद्य होते. आतडे अडलेल्या रोग्याच्या पोटातील वायू व द्रव नळीने शोषून घेण्याची युक्ती त्यांनी प्रचारात आणिली व तिने असंख्य जीव वाचले. पुढे पोटातील व्रणाच्या रोग्यांस शस्त्रक्रियेचे दुःख सोसावे लागू नये, अशा दयाबुद्धीने त्यांनी १९६२ साली एक नवा उपाय प्रसिद्ध केला. रोग्याने एक फुगा गिळावयाचा, त्यातून अतिथंड द्रव खेळवावयाचा, म्हणजे जठर गोठून अम्ल कमी होईल, असा तो उपाय होता. रोग्यांस बरे वाटू लागले, यंत्रे ठिकठिकाणी गेली, हजारो लोकांवर हा प्रयोग झाला. शेवटी अन्य डॉक्टरांनी १६० रोग्यांची चिठ्ठीने वाटणी केली. काहींच्या फुग्यात थंड द्रव सोडिला, आणि इतरांच्या फुग्यात जठर मुळीच गार होणार नाही असा. १९६९ साली निकाल प्रसिद्ध झाला, तो असा की दोहोंत काही भेद नाही. उपाय निष्फळ होता, व कित्येकांस त्यापासून अपायही झाला होता. वँगनस्टीन हे ठक नव्हते. त्यांची दया खरी होती. परंतु दया खरी असली म्हणजे समजूतही खरी असते असे नाही. आपण चुकत असू, हे मान्य करण्याची नम्रता दयेच्या जोडीला हवी.

आता त्या भगिनीच्या रोगासंबंधीचेच उदाहरण घेऊ. जठराचा कर्करोग काढिताना केवळ लगतच्या लसिका-ग्रंथी काढाव्या, की दूरवरच्याही काढाव्या, हा वाद फार दिवसांचा. जपानातील शस्त्रवैद्य मोठी शस्त्रक्रिया पसंत करीत. युरोपातील पुष्कळ जण तिला भीत. हॉलंड देशात १९८९ ते १९९३ पर्यंत रोग्यांची चिठ्ठीने वाटणी करण्यात आली, व रोग समूळ काढण्याच्या हेतूने ७११ जणांवर ह्यांपैकी एक ना एक शस्त्रक्रिया झाली. लहान शस्त्रक्रियेनंतर शंभरांत ४ जण इस्पितळातच दगावले, मोठीनंतर १०. पाच वर्षांनी पाहता जगलेल्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. परंतु संशोधकांनी पंधरा वर्षे धीर धरिला. तेव्हा, २०१० साली, असे दिसून आले की कर्करोगाने मेलेले लोक लहान रीतीत शंभरांत ४८ होते, तर मोठीत ३७. आरंभीच्या मृत्यूंचे एक मोठे कारणही उमगले: मोठ्या शस्त्रक्रियेत पुष्कळदा प्लीहा व स्वादुपिंडाचा शेवटचा भाग काढीत असत. ते अवयव राखून दूरच्या ग्रंथी काढणे अधिक सुरक्षित, हा धडा पुढील रोग्यांस लाभला.

शंभरांत दहा, हे वाचून अंतःकरण थरारते. ती माणसे कोणाची तरी आईबापे होती. परंतु विचार करा: चिठ्ठी नसती, आणि प्रत्येक डॉक्टराने आपापल्या मताप्रमाणे शस्त्रक्रिया केली असती, तर तसे मृत्यू झालेच नसते काय? झाले असते, मात्र निरनिराळ्या गावी झाले असते, कोणी ते मोजले नसते, आणि देवाची इच्छा म्हणून आम्ही त्यांस मूठमाती दिली असती. आपले अज्ञान देवाच्या इच्छेच्या पदराखाली झाकणे हीच खरी अभक्ती होय.

पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या दोन ठिकाणी विशेष लक्षात राहण्याजोग्या आहेत. प्रेषितांनी प्रार्थना करून मत्थियाची निवड चिठ्ठीने केली. वधस्तंभाखाली शिपायांनीही प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकिल्या. रीत एकच, मग भेद कशात? प्रेषितांनी आपले मत बाजूस सारून निर्णय स्वाधीन केला, आणि ज्याचे नाव निघाले तो आपखुशीने सेवेस आला. शिपायांनी मात्र असहाय मनुष्यापासून हिरावलेले आपसांत वाटून घेतले. वैद्याची चिठ्ठी ह्यांपैकी कोणती, हे रोग्याच्या संमतीवरून ठरते.

म्हणूनच १९६४ साली हेलसिंकी येथे जगातील वैद्यांच्या संघाने ह्याविषयी नीतिनियम जाहीर केले, आणि आमच्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली सविस्तर मार्गदर्शन दिले. रोग्यास समजेल अशा भाषेत सर्व सांगावे, त्याची संमती खुशीची असावी, आणि त्याने केव्हाही अंग काढून घेतले तरी त्याच्या उपचारात उणे पडू नये, हे त्यातील सार. आमच्या गावच्या लोकांस हे पक्के ठाऊक असावे. जो गरीब साहेबापुढे नाही म्हणू शकत नाही, त्याच्या अंगठ्याच्या ठशास संमती म्हणणे हे असत्य होय.

आम्ही त्या भगिनीबरोबर इस्पितळात गेलो. दोन्ही रीतींत धोका काय, नकार दिल्यास काय होईल, आणि आपल्याला खरोखरच ठाऊक नाही काय, असे तीन प्रश्न तिने विचारिले. डॉक्टरांनी बसून शांतपणे मराठीत उत्तरे दिली, व शेवटच्या प्रश्नास म्हणाले, "नाही आई, ठाऊक नाही." तिने सही करावी असे आमच्या मनात होते, हे आम्ही लपवीत नाही, परंतु तसे बोलण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. रात्रभर विचार करून तिने नाही म्हटले. डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या रीतीने शस्त्रक्रिया केली, आणि तिच्या शुश्रूषेत तिळभर अंतर पडू दिले नाही.

शेजारच्या खाटेवरील बाईने मात्र सही केली होती. तिला विचारिले तेव्हा ती एवढेच म्हणाली की, आपल्यामागून येणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. आमच्या मते त्या दोघींपैकी कोणीही पाप केले नाही. पहिलीचा नकार मानला गेला, म्हणूनच दुसरीची संमती हे खरे दान ठरले. ज्या शेजाऱ्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही त्यावर प्रीती करणे, हे त्या बाईने आम्हांस शिकविले. ही प्रीती कोणाकडून मागून घ्यावी, सक्तीने कदापि घेऊ नये.