कुणीही न दिलेला हुकूम

कर्करोगाचं निदान झालं तेव्हा आत्यानं मला विचारलं, "अरे, माझं काय चुकलं?" मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बिघाड झाला की कुठली ओळ चुकली ते शोधायचं, हीच सवय. म्हणून पेशींबद्दल वाचायला बसलो.

पेशी मनाला येईल तेव्हा विभागत नाही. वाढीचा संकेत देणारी प्रथिनं बाहेरून येऊन तिच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि तो निरोप 'रास' नावाच्या प्रथिनामार्फत आत केंद्रकापर्यंत पोचतो. या वाटेवर एक उंबरठा आहे, हे आर्थर पार्डी यांनी १९७४ साली दाखवलं. तो ओलांडण्याआधी संकेत थांबले तर पेशीही थांबते. एकदा ओलांडला की संकेत काढून घेतले तरी ती डीएनएची, म्हणजे सुमारे सहाशे कोटी अक्षरांची, नक्कल करायला लागते.

रास म्हणजे जणू बटण. निरोप आला की चालू, थोड्या वेळानं आपणहून बंद. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगातल्या पेशींमध्ये आढळलं, की रासच्या जनुकातलं एकच अक्षर बदललं तर हे बटण बंद होत नाही. एवढ्यानंच कर्करोग होतो असं नाही. पेशीला आवरणाऱ्या इतर यंत्रणाही बिघडाव्या लागतात. पण तेव्हापासून बाहेर शुकशुकाट असला तरी आत 'वाढ, वाढ' चालूच राहतं.

अशा पेशीला आपण बंडखोर म्हणतो. मला ते पटत नाही. बंड म्हणजे हुकूम मोडणं. ही तर हुकूम पाळते आहे. फक्त तो कुणी दिलेलाच नाही.

मग चूक कुणाची? असे बदल नक्कल करताना निव्वळ योगायोगानंही होतात. तंबाखूसारख्या गोष्टी त्यांची शक्यता वाढवतात, हे खरंच. पण कारण वेगळं आणि दोष वेगळा. कारण शोधायचं ते उपाय सापडावा म्हणून. दोष शोधला की आजाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं, बाकी काही होत नाही.

मी आत्याला म्हटलं, "कारण असेल गं. पण चूक नाही."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या पेशीचीही नाही. तरी तिला मारायचंच ना?"

मारायचंच. रोखण्यासाठी आधी दोषी ठरवावं लागतं, हा माझा समज त्या दिवशी सुटला.