बावीस नंबरचा उंदीर

बसू नकोस. उभ्यानेच ऐक.

हा तक्ता तुझाच ना? चाळीस उंदीर, प्रत्येकाचे एकतीस रकाने, एकही रिकामा नाही. अक्षरही मोत्यासारखं. मग मला एवढंच सांग, तापमानाच्या रकान्यात चाळीस वेळा शून्य तू कशाच्या जोरावर लिहिलंस? पोटावर धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर सोमवारपासून माझ्या कपाटात पडलाय, सेल संपले म्हणून. की आजीसारखा हात लावून ताप बघितलास?

खाली बघ. बावीस नंबर, काळा सी५७, वय २६ महिने. ऐकू येणं: शून्य. म्हणजे कान ठणठणीत! अरे, या जातीला वयाबरोबर बहिरेपण येतं, हे तुला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. काल संध्याकाळी मी स्वतः त्याच्यामागे क्लिकर वाजवला. तो ढिम्म हलला नाही.

‘अर्ध्या गुणाने काय बिघडतं?’ असं तू बाहेर म्हणालास, तेही कानावर आलंय माझ्या. काय बिघडतं ते ऐक. २०१४ साली कॅनडातल्या डलहौझी विद्यापीठात सुसान हाउलेट यांच्या गटाने ही मोजणी मांडली. केनेथ रॉकवुड यांनी माणसांच्या जर्जरतेसाठी वापरलेला विचारच त्यांनी उंदराला लावला: वयाबरोबर बारीकसारीक उणिवा साठत जातात, त्या एकेक मोजा. मिशा झडल्या, शेपूट ताठरली, मोतीबिंदू आला, चाल अडखळली. बहुतेक रकान्यांत उणीव नसेल तर शून्य, थोडी असेल तर अर्धा, पुरती असेल तर एक. बेरजेला एकतीसने भागायचं. सगळा डोलारा त्या अर्ध्यावरच उभा आहे, बाबा. चार रकान्यांत अर्धा-अर्धा गुण खाल्लास, की उंदीर ०.०६ ने धडधाकट झाला, औषधाचा थेंबही न देता. उद्या तोच फरक औषधाच्या नावावर छापशील आणि टाळ्या घेशील.

आणि यावर कडी म्हणजे पिंजऱ्यांवर तुझ्याच हातची चिठ्ठी: ‘औषध’. गट पाडणारा तू, गुण देणाराही तूच! तुझ्या दानतीवर मला शंका नाही. पण ज्याला हवं ते उत्तर माहीत आहे, त्याच्या डोळ्याला तेच दिसतं. म्हणून तर गुण देणाऱ्याला गट कळू द्यायचा नसतो.

तू इथे आलास तेव्हा हे उंदीर नुकते दूध सुटलेले होते. त्यांना म्हातारं व्हायला दोन वर्षांवर काळ लागला. तुला त्यांच्याकडे पाच-पाच मिनिटं बघणं जड गेलं?

हा तक्ता फाडू नकोस. लाल रेघ मार, तारीख घालून सही कर आणि फाइलला लाव. चिठ्ठ्या मी काढल्यात, सेलही आणलेत. उद्या सकाळी सातला ज्युनिअरच्या दोघी वेगवेगळे गुण देतील. त्यांना गट ठाऊक नाहीत. तुला पाठ आहेत, म्हणून तुझे गुण धरायचे नाहीत. तू फक्त उंदीर आणून द्यायचे, तेही नळीतून. शेपटीला धरून घाबरवलेल्या जनावराची चाल मोजून काय कळणार?

आणि जाताना बावीस नंबरच्या पाठीवरून एकदा बोट फिरव. पोक आलंय त्याला. तुझ्या तक्त्यात तिथेही शून्यच आहे.