पर्जन्य आणि प्रार्थना

मृग कोरडा गेला म्हणजे मंठ्याच्या काळ्या रानात सरकीची टोबणी खोळंबते, आणि मराठवाड्यात गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाची पिंड बुडविण्याची चाल आठवते. तिकडे १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत हाच पाऊस समीकरणांत मांडला जातो. बाष्पाचे जलबिंदू होताना मुक्त झालेली उष्णता हवेला वर नेते आणि ती चढती हवा सभोवतालचे आणखी बाष्प ओढून घेते, म्हणजे कार्यच पुन्हा कारण होते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञ, पर्जन्य व अन्न यांचे चक्र येथे सहज स्मरते. तथापि प्रार्थनेने ढग वळतो, असे मी मानीत नाही. आरंभीच्या सूक्ष्म फरकानेही भाकीत पालटते, हे हवामानशास्त्रज्ञ लोरेन्झने १९६३ साली दाखविले. नियम असूनही निश्चिती नाही, या अवकाशात मनुष्याने धैर्य मागावे, ते रास्तच आहे. सरकारी कचेरीने मात्र भाकितावर वा प्रार्थनेवर न विसंबता पिकाची आणेवारी शिवार पाहूनच ठरवावी.