लाभार्थी आणि सहृदय : छोट्या मैफलीच्या सार्वजनिक अनुदानातील नैतिक पेच

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाते. वज्रेश्वरीला आणि गणेशपुरीला येणारा यात्रेकरू कुंडात स्नान करतो व पुढे जातो. संगीताच्या इतिहासात या गावाचे नाव येत नाही, आणि ते यावे असा कोणाचा आग्रहही नाही. प्रस्तुत विवेचनात अकलोली येते ती एका कल्पित, परंतु मुळीच असंभाव्य नसलेल्या प्रसंगाचे स्थळ म्हणून. शासकीय अनुदान मिळालेली एखादी संस्था शहरातील एका गायिकेला घेऊन तेथील शाळेत येते. दीडशे मुले सतरंज्यांवर बसवलेली आहेत. तंबोरे जुळेपर्यंत त्यांतील निम्म्यांची चुळबुळ सुरू झालेली आहे. पाऊण तास गायन, पंधरा मिनिटे 'राग म्हणजे काय' याचे सप्रयोग विवेचन, आभार, छायाचित्र. पुढे अहवालात 'लाभार्थी संख्या : १५०' अशी नोंद होते. या प्रसंगात कोणी कोणाचे वाईट केलेले नाही. गायिका मनापासून गायलेली आहे, शिक्षकांनी सौजन्य दाखवलेले आहे, पैशाचा अपहारही झालेला नाही. तरीही त्या नोंदीत काहीतरी खोटे आहे अशी शंका येते, आणि ती शंका तपासून पाहण्याजोगी आहे.

ज्याला पश्चिमेकडे चेंबर म्युझिक म्हणतात आणि आपल्याकडे बैठक किंवा मैफल, त्या संगीतप्रकाराचा एक स्वभावधर्म असा की श्रोत्यांची अल्पसंख्या हा त्यात योगायोग नसतो. ती त्याच्या रूपाचा भाग असते. ख्यालगायक समेवर येताना समोरच्या दहा-वीस माणसांच्या मानेकडे पाहत असतो. त्याची पुढची उपज त्या मानेच्या हालचालीवर काही अंशी अवलंबून असते. दाद ही कृतीनंतर मिळणारी पावती नव्हे, ती कृतीच्या घडणीत शिरलेली असते. साहित्यशास्त्राने ज्याला 'सहृदय' म्हटले त्याचे इतके प्रत्यक्ष, देहधारी रूप काव्याच्या वाचनव्यवहारातही आढळत नाही. परंतु दहा-वीस श्रोते कलावंताचा संसार चालवू शकत नाहीत. म्हणून या संगीताचा खर्च नेहमीच खोलीबाहेरच्या कोणीतरी सोसलेला आहे. हायडनसाठी तो एस्टरहाझी घराण्याने सोसला, अल्लादिया खाँसाहेबांसाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी. अर्थात राजाने सोसला म्हणजे अंतिमतः शेतसारा भरणाऱ्याने सोसला. फक्त त्याला विचारण्याची पद्धत नव्हती. १९२२ साली महाराज निवर्तले, आणि खाँसाहेबांना मुंबईकडे वळावे लागले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते तिकीट, शुल्क आणि वर्गणी यांच्या बळावर. त्या मार्गाने गाणे दरबाराबाहेर आले हे खरे, पण मुंबईतील वास्तू कर्जापायी हातची गेली हेही तितकेच खरे.

प्रजासत्ताकाला मात्र शेतसारा भरणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. भिवंडीतील यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार साबणाच्या वडीवर, काडेपेटीवर कर भरतो. त्या पैशाचा एखादा कण पुण्या-मुंबईतील साठ माणसांच्या मैफलीकडे जात असेल, तर कोणत्या न्यायाने? (तानसा धरण १८९२ साली पुरे झाले; तेव्हापासून या खोऱ्यातील पाणी मुंबईकडे जाते. पाण्याच्या मोबदल्यात यमन, असा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.) या प्रश्नाला दिले जाणारे प्रचलित उत्तर म्हणजे शिक्षण. मैफल साठांची असली तरी कलावंत शाळाशाळांतून जाईल, आणि जे थोड्यांचे आहे ते सर्वांचे होईल. अशा रीतीने शैक्षणिक उपक्रम हे अनुदानाचे नैतिक मूल्य ठरते. मूल्य या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये कलाविचाराची मांडणी केली, ती येथे आठवते. अनुदानाचा अर्ज हा बहुधा असा एकमेव वाङ्मयप्रकार असावा की ज्याच्या पहिल्या पानावर लेखक कट्टर स्वायत्ततावादी असतो आणि तिसऱ्या पानावर तितकाच कट्टर लौकिकतावादी. आधी म्हणायचे, की या कलेचे मोल कशाच्याही साधनरूपाने मोजता येत नाही. मग म्हणायचे, की हिच्यामुळे विद्यार्थ्यांची एकाग्रता वाढते. दोन्ही विधाने खरी असू शकतील. पण पहिले खरे असेल, तर दुसऱ्याच्या आधाराने पैसा मागणे हे निदान अर्धसत्य आहे.

हा पेच केवळ आपला नाही. ब्रिटनमध्ये १९४० साली युद्धकाळात संगीत आणि कला यांना उत्तेजन देण्यासाठी जी परिषद स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या कामात गावोगावच्या हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हात देणे हा मोठा भाग होता. १९४२ साली अर्थशास्त्रज्ञ केन्स अध्यक्ष झाले आणि कल व्यावसायिक दर्जाकडे झुकला. १९४६ साली तिचेच रूपांतर आर्ट्स कौन्सिलमध्ये झाले. पसरवायचे की उंचावायचे, हा तेथील वाद पुढे कित्येक वर्षे चालला. त्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: कला एका ठिकाणी सिद्ध असते आणि दुसऱ्या ठिकाणी पोचवली जाते.

या गृहीतकाचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचे आहे. १९५२ ते १९६२ या काळात ते माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलने आणि संस्थाने गेल्यावर निराधार झालेल्या शेकडो कलावंतांना मिळालेले मासिक उत्पन्न, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच उत्साहात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली. हा लोकाभिरुचीचा अधःपात होता, असे खेदाने म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्या काटा फिरवण्यात श्रोत्याने स्वतःचे श्रोतेपण बजावले होते.

याहून बोलका इतिहास पेटीचा आहे. स्थिर स्वरांच्या या वाद्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. स्वातंत्र्य आले तरी बंदी राहिली. ती सैल होण्यास, तीही अंशतः, १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेपात सांगीतिक तथ्य नव्हते असे नाही. परंतु त्या एकतीस वर्षांत ठाणे जिल्ह्यातील आणि कोकणातील भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. गजर, रूपाचा अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी हा क्रम त्यांनी पेटीवरच बसवला. बुवांची स्वरांची जाण, पखवाजाचे बोल ओळखणारे कोऱ्यातले कान, चढाओढीच्या बारीत सुचलेली जागा हे सारे अशा खोल्यांतून घडले, जिकडे कोणताही उपक्रम पोचला नव्हता. समीक्षेच्या दैवाचा खेळ असा, की लयतत्त्वाचा आग्रह धरणारे मर्ढेकर त्याच आकाशवाणीत अधिकारी होते.

आता त्याच राज्यसंस्थेने दिशा बदलली आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, आणि १,८०० भजनी मंडळांना साहित्यखरेदीसाठी प्रत्येकी २५,००० रुपये भांडवली अनुदान जाहीर केले. एकूण रक्कम साडेचार कोटी. एक बरी पेटी आणि एक पखवाज घेतला की मंडळाच्या वाट्याचा पैसा संपत येतो. पण ही रक्कम वाद्यात रूपांतरित होते आणि वाद्य गावात राहते. एका संध्याकाळच्या कार्यक्रमावर खर्च झालेला पैसा तसा राहत नाही. शिवाय या योजनेत गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये पोचवणारा कोणी उभा नाही. अकलोलीच्या शाळेतील प्रसंगापेक्षा ही रीत अधिक प्रामाणिक वाटते ती यामुळे.

पण येथे दुसरी अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. भजन हे संगीत आहे आणि उपासनाही. कोणा विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती नागरिकावर करता येत नाही, हे संविधानाच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदाचे तत्त्व. शासन पखवाजासाठी पैसा देते तेव्हा तो कशासाठी देते? खोलीत बसलेल्या बुवाला या दोहोंत फरक करता येणार नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही असमंजसपणाची. फरक करण्याचे ओझे दात्यावर आहे. ऐकण्या-गाण्याची परंपरा जिवंत राहावी हे जर कारण असेल, तर भिवंडी शहरातील कव्वालीच्या पार्टीला आणि वारली पाड्यावरच्या तारपावाल्याला त्याच कारणाने, त्याच दराने आणि उत्सवाची अट न घालता तेच दार उघडे असले पाहिजे. नसेल, तर दिलेले कारण हे खरे कारण नव्हते असे म्हणावे लागेल.

मग शाळेतील गायिकेने जाऊच नये काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीत सुरू केलेल्या 'स्पिक मॅके' चळवळीने शिक्षणसंस्थांतून ज्या बैठका घडवल्या, त्यांतून अनेकांचे कान प्रथम उघडले. ज्याला भीमपलास कधी ऐकूच आला नाही, त्याला तो नाकारण्याचेही स्वातंत्र्य नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी तर तो मान्य करायलाच हवा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या वर्गात कोणा विद्यार्थ्याच्या परवानगीने शिकवल्या जात नाहीत. तरी एक भेद उरतो. वर्गात ओवी वर्षभर परत परत भेटते, तिच्याशी भांडता येते, परीक्षेत तिच्याविषयी वेडेवाकडे लिहिता येते. सतरंजीवरचे मूल एकदाच भेटलेल्या रागाशी भांडू शकत नाही. त्याला उठून जाता येत नाही. त्याच्या हाती रेडिओचा काटा नाही. जेथून उठता येत नाही ती बैठक नव्हे, आणि तेथे डोललेली मान ही दाद नव्हे. 'लाभार्थी' हा शब्द खटकतो तो याच कारणाने. रेशनच्या धान्याला लाभार्थी असतो, कारण धान्य त्याच्यावाचूनही धान्यच असते. मैफल मात्र ऐकणाऱ्यावाचून पुरी होत नाही.

रुची संगतीने घडते आणि संगतीला वर्षे लागतात, तर अनुदानाचा हिशेब मार्चअखेर बंद होतो. या विसंगतीवर एखादा कागदी उपाय असेल असे दिसत नाही. पण ती गायिका तीन वर्षे त्याच गावी येईल, मुलांना बसवून ठेवले जाणार नाही, पहिल्या रात्री ती स्वतः भजनी मंडळाच्या खोलीत मागे बसून बारी ऐकेल आणि दुसऱ्या रात्री ज्याला यावेसे वाटेल त्याच्यासाठी गाईल, एवढे तरी कल्पिता येते. त्या रात्री कदाचित अकराच माणसे येतील. त्यांतील दोघे पेटीवाले असतील, आणि तिसऱ्या आवर्तनात त्यांपैकी कोणाची तरी मान नको तेथे हलेल. अहवालाचा तो रकाना मग कसा भरायचा, आणि आदल्या रात्री मागे बसलेल्या गायिकेला त्यात मोजायचे की नाही, हे संस्थेच्या कार्यवाहाला संबंधित कार्यालयास लेखी विचारावे लागेल.