न मोडलेली घडी

वापराने वस्तू झिजते, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. नांगराचा फाळ, पाट्यावरचा वरवंटा, चपलेची टाच, रोज हाताखाली असणारी विळी यांनी ती आपल्याला न बोलता शिकविलेली आहे. या शिकवणुकीतून आणखी एक समजूत मनात नकळत मूळ धरते. वापराने झिजते, त्या अर्थी न वापरल्याने टिकते! पहिले विधान अनुभवाचे आहे. दुसरे नुसत्या तर्काचे, आणि तो तर्कही कच्चा. तरीसुद्धा आपल्या घरांतली, शाळांतली आणि कचेऱ्यांतली कितीतरी कुलपे या दुसऱ्या विधानाच्या भरवशावर लटकत असतात. न वापरता ठेवलेली वस्तू खरोखरच जपलेली असते काय? आणि दुसऱ्याच्या उपयोगासाठी आलेली वस्तू अशी ‘जपून’ ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? या दोन प्रश्नांचा थोडा विचार करावा असे मला वाटते.

प्रश्न सुचण्याचे निमित्त साधे आहे. आमच्या अजिंठ्याच्या परिसरातील एका शाळेला (तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) २०२० च्या जानेवारीत दहा नवे लॅपटॉप देणगीदाखल मिळाले. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन करावयाचे ठरले. पाहुण्यांची तारीख मिळेना. तोवर खोकी कपाटात गेली. मार्चमध्ये करोनामुळे शाळाच बंद झाल्या. पुढे त्या कधी उघडल्या, कधी पुन्हा बंद झाल्या. कपाटाचे कुलूप मात्र तसेच राहिले. २०२२ च्या पावसाळ्यात ती खोकी उघडली गेली, तेव्हा एका स्पर्धेच्या निमित्ताने मी तेथे गेलो होतो. खोक्यांना नव्या वस्तूचा वास अजून येत होता. पडद्यावरचे पातळ प्लॅस्टिकसुद्धा कोणी काढलेले नव्हते. बटण दाबले, दिवा लागला नाही. दुसऱ्याचे दाबले, तेच. दहाही यंत्रे मुकी! चार्जर रात्रभर लावून ठेवल्यावर, आणि मग सिल्लोडहून बोलावलेल्या कारागिराने मागचे झाकण काढून बॅटरीची जोडणी सोडवून पुन्हा बसविल्यावर, सहा यंत्रे जागी झाली. चार झाली नाहीत. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून एक वर्षाची. ती केव्हाच संपून गेली होती. एकाही मुलाचे बोट न लागता ती यंत्रे जुनी झाली होती.

मुख्याध्यापक हळहळून म्हणाले, “काय करणार, सर! पोरांच्या हाती दिली असती, तर महिन्यात वाटोळे केले असते.” त्यावर तो तरुण कारागीर पेचकस पुसत एवढेच म्हणाला, “गुरुजी, ही वापरून नाही गेली, ठेवून गेली.”

त्याने समजावून दिलेली आणि मागाहून मी वाचलेली माहिती थोडक्यात अशी. लॅपटॉपमधील लिथियमची बॅटरी यंत्र बंद असतानाही स्वस्थ बसलेली नसते. तिच्यातील रासायनिक क्रिया मंदगतीने चालूच असते, आणि यंत्रातील काही मंडले, अगदी तिच्या रक्षणासाठी बसविलेले मंडलसुद्धा, तिच्यातून थेंबथेंब वीज घेत राहतात. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो. तो उतरत उतरत अडीच-तीन व्होल्टच्या खाली गेला, की रक्षक मंडल आपले दार लावून घेते. फार दिवस रित्या राहिलेल्या घटातील तांब्याच्या पातळ पत्र्याचे तांबे विरघळू लागते, आणि पुढे वीज भरताना ते भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याची भीती असते. म्हणून चार्जर लावला तरी ते दार सहजी उघडत नाही. मग बॅटरी काठोकाठ भरून ठेवावी म्हणावे, तर तेही तिला सोसत नाही. भरलेली बॅटरी उकाड्यात पडून राहिली, की तिची ताकद कायमची घटते. आणि आमच्याकडच्या पत्र्याच्या खोल्यांतला मे महिना कसा असतो हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. जाणत्यांचा सल्ला असा, की ती निम्मी भरलेली ठेवावी, थंड जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी आठवणीने काढून पुन्हा निम्म्यावर आणून ठेवावी. ज्या डोंगरात बुद्धाच्या एवढ्या मूर्ती कोरलेल्या आहेत, त्या डोंगराच्या पायथ्याशी एका निर्जीव बॅटरीलाही मध्यम मार्गच मानवतो, याची मला गंमत वाटली.

अशाच एका यंत्राची गोष्ट रायगड जिल्ह्यातील आहे. प्रत्येक मुलाच्या हाती एक स्वस्त लॅपटॉप द्यावा, ही निकोलस निग्रोपाँटी यांची योजना एके काळी जगभर गाजली होती. तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली कर्जतकडच्या खैरात या खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते यंत्र मुलाच्या मालकीचे असावे आणि त्याने ते घरी न्यावे, हे त्या योजनेचे एक मूळ तत्त्व होते. शंभर डॉलरची ठरविलेली किंमत काही साधली नाही, आणि नुसती यंत्रे वाटल्याने शिक्षण होत नाही ही तिच्यावरची टीकाही रास्त होती. तथापि यंत्राची जागा मुलापाशी आहे, एवढे तिने बरोबर ओळखले होते. या हिरव्या यंत्रात घड्याळासाठी नाण्याएवढी एक वेगळी बॅटरी असे. यंत्र फार दिवस पडून राहिले आणि ती बॅटरी संपली, की यंत्राला आजची तारीख सांगता येत नसे. मग बटण दाबल्यावर दिवा लागे, पण पडदा अंधाराच राही. आज कोणता दिवस आहे हे जे विसरले, त्याला कामाला सुरुवात करता येत नाही. यंत्रांपुरतेच हे खरे आहे असे मला वाटत नाही.

आता, त्या मुख्याध्यापकांना दोष देणे फार सोपे आहे. पण ते सज्जन आहेत, शाळेची पै न् पै त्यांनी चोख ठेवलेली आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू ‘डेडस्टॉक’ रजिस्टरात चढते. शुद्ध मराठीत तिला जडवस्तू नोंदवही म्हणतात. घंटा, खुर्ची, पृथ्वीचा गोल, हार्मोनियम, लॅपटॉप, सारे आल्या दिवशीच मृत म्हणून नोंदले जाते! तपासणीला आलेला अधिकारी मोजतो : दहा आहेत? आहेत. शेरा बरोबर. ती चालतात का, कोणी चालविली का, हे तो विचारीत नाही. एखाद्या मुलाच्या हातून एक यंत्र पडले असते, तर मुख्याध्यापकांना खुलासा लिहावा लागला असता, कदाचित पदरचे पैसे भरावे लागले असते. कपाटात चार मेली, त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारले नाही, विचारणारही नाही. पुढे केव्हातरी निर्लेखनाचा ठराव होईल आणि त्यावर सर्वांच्या सह्या होतील.

करण्यातून झालेले नुकसान तेवढे पाप, आणि न करण्यातून झालेले नुकसान म्हणजे दैव, असा हा हिशेब आहे. तो केवळ सरकारी नाही. आपल्या सर्वांच्या मनात तो मांडलेला असतो. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करणे हे विश्वस्ताचे कर्तव्य आपण मानतो, आणि सोन्याच्या बाबतीत ते पुरेसेही असेल. परंतु ठेव ज्या कामासाठी दिली, ते काम न होऊ देता ती परत करणारा विश्वस्त प्रामाणिक म्हणावा काय? त्याने चोरी केलेली नाही हे खरे. पण ज्याची वस्तू होती त्याला ती मिळाली नाही, हेही तितकेच खरे आहे.

येथे अजिंठ्याचा माणूस म्हणून माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आमच्या लेण्यांतली चित्रे टिकली ती कशामुळे? कोणी तेथे जात नव्हते म्हणूनच ना? वाघूर नदीच्या त्या वळणावर शतकानुशतके झाडी माजली होती. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तेथे पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या रंगविलेल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. पुन्हा सापडल्याबरोबर चित्रांना मिळालेली पहिली भेट म्हणजे तो ओरखडा! मग न वापरणे हेच श्रेयस्कर नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. त्या काळोखाने चित्रे सांभाळली नाहीत. त्याच्या तडाख्यातून काही वाचली, एवढेच. पाझरणारे पाणी, वटवाघळे आणि कीटक यांनी आपले काम चालूच ठेवले होते, आणि जे गेले ते उरलेल्यापेक्षा थोडे नाही. शिवाय सुरक्षित जागी ठेवलेल्या वस्तूंचे काय झाले, हेही याच इतिहासात आहे. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून आमच्या अजिंठा गावी मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे त्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकरवी पुन्हा प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. पुढे निजामाच्या राजवटीत, १९२० च्या सुमारास, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणासाठी लाखेचा लेप दिला. तोच कालांतराने पिवळा पडला आणि पुढच्यांना तो मोठ्या कष्टाने काढावा लागला. कडीकुलूप, दूर देश, लेप यांपैकी एकही उपाय एकदा करून विसरण्याजोगा निघाला नाही. आज चित्रे उभी आहेत ती उजेड मोजणाऱ्या, गर्दी आवरणाऱ्या, भेगा तपासणाऱ्या माणसांच्या रोजच्या राबण्यावर.

आणखी एक भेद आहे. चित्र पुरे झाले तेव्हाच त्याचे काम पुरे झाले. पुढे कोणी पाहिले तर तो पाहणाराचा लाभ. साधनाचे तसे नाही. विळी कापीपर्यंत विळी नव्हे, आणि लॅपटॉप कोणी उघडीपर्यंत तो पत्र्याचा आणि प्लॅस्टिकचा तुकडा आहे. शिवाय लेणी विस्मृतीत गेली, तेव्हा कोणा गरजवंताला दारातून परत पाठविले गेले नव्हते. कपाटाच्या बाबतीत मात्र पाठविले गेले.

आपल्या बायकांना हे फार पूर्वीपासून कळले आहे. पैठणी पेटीत ठेवतात, पण वर्षातून एकदा तरी बाहेर काढतात, उलगडतात, वारा देतात आणि घडी बदलून ठेवतात; कारण एकाच घडीत राहिलेली जर आणि रेशीम त्याच रेषेवर तुटते. नवे लुगडे प्रथम नेसण्याला मराठीत ‘घडी मोडणे’ म्हणतात. त्या मोडण्यात नुकसान नसते. मोडल्यावरच वस्त्र कोणाचे तरी होते. खंडेनवमीलाही हत्यारे आणि अवजारे काढून, पुसून, तेल लावून पुजली जातात. यात धर्म किती हे ज्याचे त्याने ठरवावे. पण वर्षातून एकदा गंज पाहिलाच पाहिजे, अशी ती सोय आहे. जपणे म्हणजे पुनःपुन्हा हात लावणे, एवढा अर्थ या दोन्ही चालींत उघड आहे.

ते लॅपटॉप कुलुपात होते तेव्हा बाहेर काय चालले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. धडे मोबाइलवर येत होते. घरात मोबाइल एक, तोही बापाबरोबर शेतात. रेंजसाठी मुले टेकडीवर जाऊन बसत. लॅपटॉप दिले असते तरी रेंज कोठून आणली असती, असे कोणी म्हणेल. कबूल आहे. पण धडे आधी भरून ती यंत्रे पाळीपाळीने घरोघर देता आली असती. दोन-तीन फुटली असती. ती चार यंत्रे आजही नवी बॅटरी घालून कदाचित उठतील. आठवीतल्या मुलीचे गेलेले वर्ष कोणत्या दुकानातून आणावयाचे? मधेच शाळा सुटली आणि लग्न होऊन गेली, तिच्या नावापुढे कोणता निर्लेखनाचा ठराव लिहावयाचा?

माणसाच्या गुणांनाही हाच नियम लागू आहे असे मी मानतो. प्रसंगासाठी राखून ठेवलेले धैर्य, कधी पणाला न लावलेला प्रामाणिकपणा, निवृत्तीनंतर वाचण्यासाठी ठेवलेली पुस्तके, सवड मिळाल्यावर द्यावयाची माया ही सारी आपण शिल्लक म्हणून धरतो. आणि बटण दाबण्याची वेळ येते तेव्हा दिवा लागत नाही. त्या मुख्याध्यापकांजवळ प्रामाणिकपणा होता. पण ‘फुटले तर माझ्या नावावर’ असे म्हणण्यापुरते धैर्य वापरात नव्हते, म्हणून तो प्रामाणिकपणा कुलूप राखण्यापलीकडे जाऊ शकला नाही.

उपाय मोठा नाही. जडवस्तूंच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा : ही वस्तू शेवटी केव्हा वापरली, आणि कोणी? जेथे तो कोरा राहील, तेथे तपासणाराने खुलासा मागावा. तसेच वापरताना मोडलेल्या वस्तूबद्दल शिक्षकाला खुलासा लिहावा लागू नये. शाळांच्या वहीत हा रकाना केव्हा येईल ते सांगता येत नाही. आपल्या घरच्या कपाटापुरता, आणि स्वतःपुरता, तो आखून घ्यायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.