झोत कुणावर?

युरोव्हिजन ही गाण्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९५६ पासून चालू आहे. जिंकणारा देश सहसा पुढल्या वर्षी यजमान होतो आणि २००४ साली आलेल्या हृदयाच्या बोधचिन्हात त्याचा ध्वज बसतो. बीड जिल्ह्याला या फिरत्या यजमानपणाचं नवल वाटू नये. संत भगवानबाबांच्या (१८९६–१९६५) परंपरेतला कीर्तनांचा नारळी सप्ताहही गावोगाव फिरतो. ज्या गावाला नारळ मिळतो तिथं पुढला सप्ताह. युरोव्हिजनच्या मंचावर असतात तसे एलईडीचे पडदे, रंगीत झोत आणि कीर्तनकारांचे उंच फ्लेक्स आता सप्ताहांच्या मंडपांतही आले आहेत. भक्तीला एवढा थाट मानवतो का?

थाटच वाईट, असं म्हणून सुटका होत नाही. सगुणोपासनेला डोळ्यांचं वावडं कधीच नव्हतं. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणासारखा कोरडा तात्त्विक विषय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर मांडला. एका अर्थी तोही पडदाच. पण पासोडी पाहणाऱ्याची नजर तत्त्वांच्या मांडणीवर ठरते, लिहिणाऱ्यावर जात नाही. त्याच गावच्या योगेश्वरीला दागिने चढतात ते देवीच्या अंगावर. म्हणून थाट किती, यापेक्षा त्याचा रोख कुठं, हे मी आधी पाहीन. वारकरी कीर्तनाची ठेवणच हा रोख सांभाळते: वीणा दुसऱ्याच्या गळ्यात, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, आणि चाल धरली की ध्रुपद सगळ्यांचं. युरोव्हिजनसारख्या स्पर्धेच्या मंचाला मात्र तीन मिनिटांत एकाला इतरांहून वेगळं काढायचं असतं. तिथं झोत गाणाऱ्यावर हवाच. त्यात लबाडी काही नाही.

कीर्तनकाराच्या पाया पडतातच की, असं कुणी म्हणेल. पडतात, पण तो मान नारदाच्या गादीचा, आणि गादी उद्या दुसऱ्याची. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हजारोंच्या गर्दीत मागं बसलेल्या म्हातारीला दिसणार कसं? पडदा लागेलच. मात्र टाळकऱ्यांना वगळून कॅमेरा तासभर एकाच चेहऱ्यावर खिळला, की मंडपात न सांगता स्पर्धा सुरू होते. सप्ताहात तर रोज नवा कीर्तनकार. कालचे महाराज बरे की आजचे, याची कुजबुज जेवणाच्या पंगतीत चालतेच. त्याच पडद्यावर चालू अभंगाचे शब्द मोठ्या अक्षरांत दाखवले, तर शेवटच्या ओळीतल्या माणसालाही ध्रुपद धरता येईल. त्याला जादा खर्चही नाही.