पुढचा पत्ता सांगणारा गुरू

माकुणसारसारख्या गावात मुलाला गाणं शिकवायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो अंतराचा. सफाळे नाहीतर केळवे रोड स्टेशन गाठायचं, तिथून पालघर किंवा बोईसर, आणि क्लास सुटल्यावर परतीची गाडी धरायची. 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली आणि हे थोडं सोपं झालं, तरी आठ वर्षांच्या पोरासाठी ती दगदगच आहे. दुसरा प्रश्न, ‘परीक्षेला बसवतात ना?’ गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या पायऱ्या आता पालकांना तोंडपाठ असतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आपण ज्याच्या हाती मूल सोपवतो, त्याला स्वतःची हद्द ठाऊक आहे का, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी पाहायला हवं ते हेच.

बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व, अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आला. तेव्हाच त्याचं नाव गाजत होतं. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब गाऊन दाखवी आणि सभा थक्क होत. असा मुलगा घरात असला की वडिलांना मोह पडणं स्वाभाविक आहे. गावोगाव जलसे, टाळ्या, बिदागी. आजच्या स्पर्धांच्या मंचावरही हाच मोह उभा असतो. देवधर मात्र विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य असून एका घराण्याच्या कुंपणात राहिलेले नव्हते. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्ये नाना घराण्यांच्या कलावंतांची ये-जा असे. अनुकरणात तरबेज असलेल्या मुलाला त्यांनी आणखी एक नक्कल शिकवली नाही. भरपूर ऐकवलं आणि विचार करायला लावलं. कुमारांना अंजनीबाई मालपेकरांकडूनही शिकायला मिळालं. शिष्य दुसऱ्याकडे गेला म्हणून देवधरांचं काही उणं झालं नाही.

याच अंजनीबाईंकडे किशोरी आमोणकरही शिकल्या. इथे तर आई स्वतः मोगूबाई कुर्डीकर, अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या. मुलीला घराबाहेर पाठवायची गरज कुणाला वाटली नसती. तरी या माउलीने जयपूरची तालीम स्वतः देता देता मुलीला आग्र्याच्या अन्वर हुसेनखाँकडे आणि भेंडीबाजारच्या अंजनीबाईंकडे शिकू दिलं. आपल्याजवळ काय आहे हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्यालाच आपल्याजवळ काय नाही हेही सांगता येतं. भीमसेन जोशींची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. गुरूच्या शोधात 1933 साली गदगहून पळालेलं पोर ग्वाल्हेर, कोलकाता करत जालंधरला पोचलं. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं, की तुझ्या मुलखातच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. बुवा स्वतः नामांकित गुरू होते. शिष्य आपल्याकडे ओढून घेणं त्यांना अवघड नव्हतं.

एवढी मोठी नावं घेतली म्हणजे प्रत्येक मूल त्या वाटेने जाईल असं नाही. बहुतेक मुलं जाणार नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. मात्र पहिल्या दोन वर्षांत कान आणि गळा घडतो, म्हणून पालकाने एक दिवस क्लासमध्ये मागे बसून पाहावं. पालकाला बसू न देणाऱ्या शिक्षकाकडे मूल पाठवूच नये, हे मी ठामपणे सांगेन. पट्टी कुणाची लावली आहे ते पाहावं. शिक्षक पुरुष असतील तर त्यांना काळी एक-दोन सोयीची असते. मुलीचा किंवा लहान मुलाचा गळा काळी चार-पाचच्या आसपास मोकळा होतो. वीस मुलांना मास्तरांच्या पट्टीत ओरडायला लावणारा क्लास गळे बिघडवतो. पेटीचे सूर सतत दाबून धरले आहेत, की मुलांना तानपुऱ्यावर षड्ज शोधू देतात? तानपुरा आता मोबाइलवरही मिळतो, तेव्हा खर्चाची सबब उरत नाही. बारा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटू लागतो, तेव्हा परीक्षेसाठी त्याला ताणतात की थांबवतात? आणि चूक झाल्यावर शिक्षक मुलाकडे बघतात की त्याच्या आईकडे?

या कसोटीवर गावातले भजनीबुवा पुष्कळदा शहरातल्या विशारदापेक्षा सरस ठरतील, असं मला वाटतं. हरिनाम सप्ताहात टाळ धरून मोठ्यांमध्ये बसलेलं पोर लय आपोआप अंगी मुरवतं. आपल्याच पालघर जिल्ह्यात पूर्वेकडे वारली पाड्यांवर तारपा शिकवायला सहसा कुणी वर्ग काढत नाही. श्वास न तोडता वाजवायचं ते अवघड वाद्य तरुण पोरं वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचात राहून, ऐकत आणि बघत उचलतात. आमच्या पालकांना हे शिक्षण वाटत नाही, कारण त्याची पावती नसते. याचं मला खरंच दुःख होतं. दाराशी असलेला हा ठेवा सोडून आपण सात वर्षांच्या मुलाला गर्दीच्या गाडीत कोंबतो.

बुवांनाही मर्यादा आहेत. रागाची शिस्तशीर मांडणी, बडा ख्याल, स्वरलेखन यांसाठी पुढे पालघर, वसई, मुंबई गाठावीच लागेल. ऑनलाइन तालीमही तेव्हा उपयोगी पडेल, पण कान तयार झाल्यावर. म्हणून फी आणि वेळ विचारून झाल्यावर पालकांनी अजून एक गोष्ट विचारावी: ‘बुवा, तुमच्याकडचं शिकून झालं की पोराला पुढे कुणाकडे पाठवाल?’ जे क्षणभर विचार करून एखादं नाव घेतील, त्यांच्याकडे उद्यापासून मुलाला बसवावं.